पावसाळ्यात जुना एचएफ सेट पुन्हा पुन्हा बहिरा होतो : बिघाड शोधण्याचा आणि मुळातून काढण्याचा क्रम

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यापासून बेळगाव शहरापर्यंत जून ते सप्टेंबर या काळात हवेतील ओलावा घरातल्या प्रत्येक वस्तूत शिरतो आणि याच काळात आपल्याकडील हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या जुन्या एचएफ सेटांची, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झवर बोलण्या-ऐकण्याच्या रेडिओ संचांची, एक ठरावीक तक्रार दरवर्षी नव्याने सुरू होते. सेट चालू केला की दिवे लागतात, डायल फिरते, स्पीकरमधून हलकी खरखर येते, पण ४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) नेहमी ठणठणीत ऐकू येणारी स्टेशने एकतर फार क्षीण ऐकू येतात किंवा मुळीच ऐकू येत नाहीत. थोड्या वेळाने एखादा बटणाचा खटका होतो, टेबलाला धक्का लागतो किंवा माइकचे बटण दाबून सोडले जाते, आणि रिसेप्शन एकाएकी पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, अथणी-रायबागच्या कोरड्या भागात, त्याच वयाच्या सेटांत ही तक्रार क्वचितच कानावर येते, हे ध्यानात घेतले तर तपासाला कोठून सुरुवात करावी याचा निम्मा उलगडा होतो.

असा सेट दुरुस्तीला गेला की पुष्कळदा आयएफ (रिसीव्हरच्या मधल्या फ्रीक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरचे कोअर फिरवले जातात, आरएफ स्टेजचा (अँटेनाचा सिग्नल प्रथम वाढवणाऱ्या भागाचा) ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह बदलला जातो, सरसकट सगळे कपॅसिटर काढले जातात, आणि एवढे करूनही पुढच्या पावसाळ्यात तक्रार जशीच्या तशी उभी राहते. माझे स्पष्ट मत असे आहे की जो बहिरेपणा येतो आणि आपोआप जातो, तो बहुतांश वेळा सुट्या भागांच्या झिजेतून आलेला नसतो. सिग्नल जेथे एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जातो, अशा एखाद्या जोडावर त्याचे मूळ असते. अलाइनमेंट (कोअर आणि ट्रिमर फिरवून केलेली सेटची जुळणी) बिघडलेला सेट धक्का मारल्याने सुधारत नाही. म्हणून हा जोड नेमका कोणता हे कळेपर्यंत एकाही कोअरला किंवा ट्रिमरला हात लावू नये, कारण एकदा हलवलेले अलाइनमेंट सिग्नल जनरेटर आणि सर्व्हिस मॅन्युअल यांच्याशिवाय परत जागेवर आणता येत नाही.

तपासणी सेट बहिरा असतानाच करावी लागते, ही या बिघाडाची सर्वांत मोठी अडचण आहे. रिसेप्शन गेल्याचे लक्षात येताच आपला हात सवयीने माइककडे किंवा कॅबिनेटवर थाप मारण्याकडे जातो, आणि तेवढ्याने पुरावाच नाहीसा होतो. त्याऐवजी प्रथम काहीही न हलवता एस-मीटरकडे (सिग्नलची ताकद एस-१, एस-९ अशा अंकांत दाखवणाऱ्या काट्याकडे) पाहावे. आवाज गेला असूनही काटा स्टेशनबरोबर नेहमीसारखा हलत असेल, तर सिग्नल डिटेक्टरपर्यंत (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागापर्यंत) पोहोचतो आहे आणि दोष ऑडिओच्या बाजूला आहे. अशा वेळी पहिला संशय हेडफोनच्या जॅकवर घ्यावा, कारण हेडफोन काढल्यावर स्पीकर पुन्हा जोडणारी पत्ती त्याच जॅकच्या आत असते आणि तिच्यावर थर चढला की स्पीकर मुका होतो. प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर केल्यावर आवाज आला, तर निदान झालेच. काटा उलट वर चढून तेथेच थांबला आणि आवाज दबला, तर आरएफ गेनचा पोटेन्शिओमीटर किंवा एजीसीचा (सिग्नलनुसार गेन आपोआप कमी-जास्त करणारा) मार्ग पाहावा. आणि काटा शून्यावर पडलेला असून आवाजही गेला असेल, तर सिग्नल रिसीव्हरच्या पुढच्या भागात पोहोचतच नाही. पावसाळी बहिरेपणात बहुधा हेच दिसते, त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

यानंतर कॅलिब्रेटर, म्हणजे डायल तपासण्यासाठी सेटच्या आतच ठरावीक फ्रीक्वेन्सींवर सिग्नल देणारा मार्कर, चालू करावा. १९७० आणि १९८०च्या दशकांतील कित्येक सेटांत २५ किंवा १०० किलोहर्ट्झचा क्रिस्टल मार्कर असतो, आणि त्याचा सिग्नल सहसा अँटेना रिलेच्या (अँटेना कधी ट्रान्समिटरला तर कधी रिसीव्हरला जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) पुढे, म्हणजे रिसीव्हरच्या बाजूला, सोडलेला असतो. सर्किट डायग्राममध्ये ही जागा एकदा पाहून घ्यावी. मार्कर नेहमीच्या जोमाने ऐकू येत असेल आणि बँडवरील स्टेशने मात्र ऐकू येत नसतील, तर आरएफ अॅम्प्लिफायर, मिक्सर, आयएफ आणि बँड स्विचचा बराचसा भाग एका झटक्यात निर्दोष ठरतो. दोष अँटेना आणि मार्करची जागा यांच्या दरम्यान उरतो, आणि तेथे कोॲक्स (अँटेनाची जाळीदार केबल), कनेक्टर, रिले आणि क्वचित अॅटेन्युएटरचा (सिग्नल मुद्दाम कमी करणारा) स्विच याखेरीज फारसे काही नसते. उलट मार्करही क्षीण ऐकू येत असेल, तर शोध सेटच्या आत पुढे न्यावा लागतो.

बँड बदलून पाहणेही उपयोगी पडते, मात्र त्यासाठी बँड स्विच फिरवताना धक्का बसतो, म्हणून ही परीक्षा मार्करनंतर करावी. तुटलेल्या किंवा थर चढलेल्या जोडाच्या दोन टोकांमध्ये अगदी थोडी कपॅसिटन्स शिल्लक राहते. ती १० पिकोफॅरड धरली, तर ७ मेगाहर्ट्झवर तिचा विरोध सुमारे २,२७० ओहम होतो आणि २८ मेगाहर्ट्झवर (१० मीटर बँड) तो ५७० ओहमच्या आसपास उतरतो. त्यामुळे ८० आणि ४० मीटर जवळपास बंद, पण १५ किंवा १० मीटरवर काही ना काही ऐकू येते, असे दिसले तर उघड्या पडलेल्या जोडाचा संशय बळावतो. एकच बँड बहिरा आणि बाकी सर्व ठीक असेल, तर बँड स्विचचा त्या बँडचा संपर्क पाहावा.

माइकचे बटण सर्वांत शेवटी दाबावे, आणि तेही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात सेट एसएसबी मोडवर (यात न बोलता पॉवर बाहेर जात नाही) ठेवून माइक गेन आणि कॅरिअर कंट्रोल शून्यावर आणावेत आणि बटण दाबून सोडावे. यात रिले फक्त हलतो, अँटेनाकडे पॉवर जात नाही. एवढ्यानेच रिसेप्शन परत आले, तर दोष रिलेच्या हलत्या पॉइंटवर (संपर्काच्या टोकावर) आहे असे बहुधा खात्रीने म्हणता येते. एवढ्याने काहीच फरक पडला नाही, पण मोकळी फ्रीक्वेन्सी पाहून थोडी पॉवर सोडताच रिसेप्शन सुधारले, तर मात्र दोष ट्रान्समिट आणि रिसीव्ह या दोहोंच्या समाईक मार्गावर आहे. पीएल-२५९ प्लगचा (कोॲक्सच्या टोकाच्या प्लगचा) गंजलेला जोड, पॅच केबल, एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून पॉवर किती परत येते ते दाखवणाऱ्या मीटरचा) किंवा ट्यूनरचा स्विच अशा ठिकाणी बसलेला थर आरएफ करंटने तात्पुरता फुटतो आणि काही तासांनी पुन्हा जमतो. हा फरक कळला की सेट उघडायचा की केबल तपासायची, हा प्रश्न उरत नाही.

केबलच्या बाबतीत आपल्या भागात फार सोसायचे असते. छतावरील प्लगमध्ये एकदा पाणी शिरले की ते जाळीच्या तारांमधून आतल्या आत ओढले जाते, आणि वरून धडधाकट दिसणारी कोॲक्स कापून पाहिली की तांब्याची जाळी काळी पडलेली आढळते. बलून (केबल आणि अँटेना यांच्यामधला जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) नसलेल्या साध्या डायपोलची (दोन तारांच्या अँटेनाची) केबल सेटपासून सोडवून मल्टिमीटरने मधली पिन आणि जाळी यांच्यात मोजले, तर मीटरने काहीही दाखवू नये. काही किलोओहमचे वाचन आले तर ओल आत आहे. बलून असल्यास तो डीसीला शॉर्ट दाखवू शकतो, म्हणून त्याच्या बाजूचे टोक सोडवून मोजावे. चकचकीत तांबे दिसेपर्यंत केबल मागे कापत यावे आणि तसे तांबे लागलेच नाही तर ती केबल टाकून द्यावी, कारण वाळवलेली काळी जाळी पुढच्या मृगात पुन्हा तोच त्रास देते. नवा प्लग बसवल्यावर त्यावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, वरून पीव्हीसी टेप लावावी, आणि केबल खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाते.

आता रिले. यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पावसाळी बहिरेपणात मला सर्वाधिक वेळा दोषी आढळलेला भाग हाच आहे.

अँटेना रिले दोन कामे करतो. ट्रान्समिटच्या वेळी तो अँटेनाला फायनल स्टेजशी (पॉवर देणाऱ्या शेवटच्या भागाशी) जोडतो आणि एरवी रिसीव्हरशी. त्याचे पॉइंट बहुधा चांदीचे किंवा चांदीच्या मिश्रधातूचे असतात, आणि चांदीवर हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. दमट हवेत तो लवकर बसतो. ट्रान्समिटच्या पॉइंटमधून १०० वॅटला सुमारे १.४ अँपिअर आरएफ करंट जातो, त्यामुळे तेथील थर आपोआप फुटत राहतो. रिसीव्हच्या पॉइंटला मात्र हे भाग्य लाभत नाही. त्याच्यावर येणारा सिग्नल एस-९ इतका दणदणीत असला, तरी तो ५० ओहमवर केवळ ५० मायक्रोव्होल्ट असतो, आणि एस-१ म्हणजे सुमारे ०.२ मायक्रोव्होल्ट. इतक्या क्षीण दाबाने कोणताही थर फुटत नाही. म्हणून असा सेट बोलतो उत्तम, एसडब्ल्यूआर बरोबर दाखवतो, समोरचा माणूस ५९ (स्पष्ट आणि जोरदार) रिपोर्ट देतो, आणि आपल्याला त्याचे उत्तर तेवढे ऐकू येत नाही.

मल्टिमीटरवर येथे विसंबून राहता येत नाही. त्याच्या ओहम रेंजमधून पॉइंटवर येणारा दाब त्या सिग्नलच्या हजारो पट जास्त असतो, आणि तो थर फोडून मीटर शून्य ओहम दाखवतो. बेळगावात शहापूर भागातील एका ज्येष्ठ हॅम काकांचा व्हॉल्व्हवर चालणारा सेट असाच अनेकांनी तपासून निर्दोष ठरवला होता. "तुम्ही मंडळी आलात की हा शहाण्यासारखा वागतो आणि तुम्ही पायऱ्या उतरलात की पुन्हा मुका," असे ते वैतागून म्हणत. रिलेचे पारदर्शक झाकण काढून भिंगातून पाहिल्यावर ट्रान्समिटचे पॉइंट पांढुरके आणि बारीक खड्ड्यांचे दिसले, तर रिसीव्हचे पॉइंट तपकिरी-काळे आणि एकसारखे गुळगुळीत. स्पिरिटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी त्या पॉइंटमधून ओढली तेव्हा तिच्यावर शिसपेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ उमटली. रेघ उमटणे थांबेपर्यंत पट्ट्या बदलल्यावर सकाळचे नेट (हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या रेडिओवरील गप्पा) पहिल्यासारखे ऐकू येऊ लागले.

हे काम करताना व्हॉल्व्हच्या सेटांत जिवाला धोका असतो, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे. एफटी-१०१ किंवा टीएस-५२० यांसारख्या सेटांत फायनल व्हॉल्व्हच्या प्लेटवर ६०० ते ९०० व्होल्टच्या दरम्यान दाब असतो, आणि ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटरमधला दाब उतरवणारा) तुटलेला असेल तर वीज बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो दाब धरून ठेवतात. प्लग भिंतीतून काढावा, काही मिनिटे थांबावे, इन्सुलेटेड हँडलच्या टोकाला बांधलेल्या रेझिस्टरने कपॅसिटर चॅसीशी डिस्चार्ज करावा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी आणि मगच हात आत घालावा. फायनलचा पिंजरा उघडावा लागत नसेल तर तो उघडू नये.

पॉइंट साफ करण्यासाठी जाड, गुळगुळीत, धागे न सुटणाऱ्या कागदाची अरुंद पट्टी घ्यावी. व्हिजिटिंग कार्ड चालते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून बंद पॉइंटच्या मधून हलकेच ओढावी आणि शेवटी एक कोरडी पट्टी फिरवावी. रिसीव्हचे पॉइंट सेट बंद असताना मिटलेलेच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी काहीही दाबावे लागत नाही. सँडपेपर, कानस किंवा ब्लेड कदापि वापरू नये. त्यांनी पडलेल्या ओरखड्यांत थर अधिक वेगाने धरतो, आणि पॉइंटवर सोन्याचा मुलामा असेल तर तो कायमचा जातो. गंजलेले नटबोल्ट सोडवण्याचा तेलकट स्प्रेही येथे नको, कारण त्याच्या तेलावर धूळ बसून वर्षभरात चिकट लगदा होतो. स्पिरिटऐवजी थिनर किंवा पेट्रोल वापरणे त्याहून घातक आहे, कारण आजूबाजूचे पॉलिस्टायरिन कपॅसिटर आणि प्लॅस्टिकचे भाग त्यात विरघळतात.

रिले सीलबंद असेल तर साफ करण्याचा नाद सोडावा आणि नवा बसवावा. कॉइलचा व्होल्टेज, पॉइंटची रचना आणि पायांची मांडणी जुळवून पाहावी. मूळचाच रिले मिळेल अशी अपेक्षा आता करू नये, पण १२ व्होल्टचे डबल पोल रिले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवर आजही मिळतात. पाय जुळत नसतील तर लहान बोर्डावर बसवून तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. कॉइलवरचा डायोड नव्या रिलेलाही त्याच दिशेने लावायला विसरू नये, अन्यथा रिले सुटताना निघणारा दाब त्याला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बळी घेतो. सॉकेटमध्ये बसणारा रिले असेल तर सॉकेटच्या क्लिपाही स्पिरिटने पुसाव्यात, कारण पुष्कळदा पॉइंट स्वच्छ आणि सॉकेट काळा असे निघते.

रिलेवरील संशय पक्का करण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सेट बहिरा असताना अँटेनाची तार, रिलेला वळसा घालून, १०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट रिलेच्या रिसीव्हर बाजूला द्यावी. स्टेशने एकदम उसळून आली, तर दुसरा पुरावा नको. काही सेटांत मागील बाजूस रिसीव्हसाठी स्वतंत्र अँटेना सॉकेट असते, तेथेही अँटेना लावून पाहता येते. या काळात माइक सेटपासून काढून ठेवावा, कारण चुकून ट्रान्समिट झाले तर सारी पॉवर रिसीव्हरच्या तोंडात जाते.

रिले, केबल आणि जॅक यांतून सेट निर्दोष सुटला, तर उरलेल्या जागा थोडक्यात अशा. बँड स्विचच्या वेफरवर (संपर्क बसवलेल्या चकतीवर) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच थेंब बारीक ब्रशने संपर्कावर ठेवून स्विच वीसेक वेळा फिरवावा. नळीने फवारा मारू नये, कारण बेकेलाइटच्या वेफरमध्ये शिरलेले द्रव गळतीचा नवा मार्ग तयार करते. प्लग-इन बोर्ड असतील तर त्यांच्या कडा स्पिरिटने पुसून दोन-तीनदा आत-बाहेर कराव्यात. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाखाचा जोड) भिंगाखाली पायाभोवतीच्या बारीक गोल रेघेवरून ओळखता येते, आणि कोरड्या लाकडी काडीने एकेक भाग हलका दाबत गेले की सापडते. जो बहिरेपणा सेट तापल्यावर येतो किंवा तापल्यावर जातो, त्यात हे पहिल्यांदा पाहावे.

एक अपवाद नीट लक्षात ठेवायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वळीव विजांसह येतो. त्यानंतर आलेला बहिरेपणा कायम राहत असेल, थापेने किंवा बटणाने मुळीच बदलत नसेल, तर तो या लेखातला बिघाड नव्हे. काही जुन्या सेटांत अँटेनाच्या मार्गात संरक्षणासाठी एक छोटा दिवा फ्यूजसारखा ठेवलेला असतो आणि तो जळाला की रिसेप्शन जाते. तो शाबूत असेल तर इनपुट कॉइल आणि आरएफ स्टेज तपासावी लागते.

साफ केलेला रिले पुन्हा काळा पडणारच आहे, म्हणून मुळातून इलाज करायचा असेल तर रिसीव्हच्या पॉइंटमधून थोडा डीसी करंट सतत वाहता ठेवावा. १२ व्होल्टच्या लाइनपासून २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मिलिहेन्रीच्या आसपासचा आरएफ चोक (डीसी जाऊ देणारी पण आरएफ अडवणारी कॉइल) घेऊन रिलेच्या रिसीव्हर बाजूच्या पायाला जोडावा, अँटेनाच्या समाईक पायापासून दुसरा चोक चॅसीला द्यावा, आणि रिसीव्हरकडे जाणाऱ्या तारेत ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा, म्हणजे डीसी पुढे जात नाही. यातून पाचेक मिलिअँपिअर करंट वाहतो आणि तो थर जमू देत नाही. अँटेनाकडील चोकवर १०० वॅटला १०० व्होल्टचे आरएफ शिखर येते, आणि एसडब्ल्यूआर वाढला तर त्याहून अधिक. तो चोक तेवढे सोसणारा घ्यावा. मूळ वायरिंग न कापता हे सर्व रिलेच्या पायांवर करता येते, आणि केलेला बदल कागदावर काढून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवावा, कारण हा सेट आपल्यानंतर कोणी तरी उघडणार आहे.

सेट ठेवण्याच्या जागेकडेही लक्ष हवे. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेला सेट पावसाळ्यात त्या भिंतीची ओल घेतो. मागे वितभर मोकळी जागा ठेवावी. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू राहणारा सेट कपाटात बंद पडलेल्या सेटापेक्षा निश्चितच बरा राहतो, कारण त्याची स्वतःची ऊब ओल बाहेर काढते. कपाटातच ठेवायचा असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापराव्यात. केबलींची वेटोळी रबरबँडने बांधून सेटाशेजारी ठेवू नयेत, कारण रबरातील गंधकाने चांदी काळी पडते. सुती दोरा वापरावा.

शेवटचे काम मे महिन्यात, हवा कोरडी असताना करायचे आहे. प्रत्येक बँडवर मार्करचे एस-मीटर वाचन, अँटेना लावल्यावर आणि काढल्यावर काट्यात पडणारा फरक, आणि रोज सकाळी ऐकू येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या स्टेशनची ताकद लॉगबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी. जुलैमध्ये सेट खरोखर बहिरा झाला आहे की त्या दिवशी बँडच मंद आहे, हे ठरवायला हेच आकडे लागतात.